व्हिक्टर फ्रँकल : सुटकेनंतरच्या प्रश्नाचा वैद्य

कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडते, केमोथेरपीची आवर्तने संपतात, तपासण्यांचे अहवाल समाधानकारक येतात. घरात आनंद असतो. पण ज्याच्यासाठी हा आनंद, तोच अनेकदा अबोल असतो. आजार गेला, आता पुढचे आयुष्य कशासाठी, हा प्रश्न त्याला आतून पोखरत असतो. अशा रुग्णांना एकत्र बसवून या प्रश्नाला थेट भिडणारी एक समूह-मानसोपचार पद्धती अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये विकसित झाली आहे. तिची वैचारिक बैठक मात्र कर्करोग रुग्णालयात घडलेली नाही. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या व्हिएन्नाच्या एका मनोविकारतज्ज्ञाने ती घातली. त्यांचे नाव व्हिक्टर फ्रँकल.

२६ मार्च १९०५ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात फ्रँकल यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच त्यांनी सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे ते आल्फ्रेड ॲडलर यांच्या वर्तुळात गेले. मात्र मतभेदांमुळे १९२७ मध्ये त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. माणसाला सुखापेक्षा आणि सत्तेपेक्षाही जगण्याच्या अर्थाची ओढ अधिक असते, असे त्यांचे मत बनत गेले. त्यातूनच 'लोगोथेरपी' ही उपचारपद्धती आकाराला आली. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मोफत समुपदेशन केंद्रे काढली. १९३३ ते १९३७ या काळात मनोरुग्णालयात आत्महत्येकडे झुकलेल्या स्त्रियांचा कक्ष त्यांनी सांभाळला.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. फ्रँकल यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. पण वृद्ध आईवडिलांना मागे सोडून जाणे त्यांना पटले नाही आणि त्यांनी व्हिसाची मुदत टळू दिली. डिसेंबर १९४१ मध्ये टिली ग्रोसर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वर्षही उलटले नव्हते, तोच सप्टेंबर १९४२ मध्ये पत्नी आणि आईवडिलांसह त्यांना टेरेझिनच्या छावणीत जावे लागले. वडील तेथेच वारले. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशवित्झमध्ये त्यांच्या कोटात लपवलेले पुस्तकाचे हस्तलिखितही नष्ट झाले. तेथे ते काही दिवसच होते. त्यांचे उरलेले हाल डाखाऊच्या उपछावण्यांत झाले. टायफसच्या तापात कागदाच्या कपट्यांवर त्यांनी ते पुस्तक पुन्हा जुळवण्यास सुरुवात केली.

त्यापैकी एका छावणीतला प्रसंग त्यांनी नोंदवून ठेवला आहे. भुकेल्या कैद्याने बटाटे चोरले. त्याचे नाव सांगण्यास इतरांनी नकार दिला, म्हणून सर्वांना दिवसभर उपाशी ठेवण्यात आले. रात्री दिवेही गेले. तेव्हा बराकीच्या प्रमुखाने फ्रँकल यांना बोलण्याची विनंती केली. थकलेल्या, चिडलेल्या माणसांपुढे अंधारात ते बोलले. पुढे काय वाढून ठेवले आहे हे कोणालाच ठाऊक नाही. मात्र जे जगून झाले ते कोणी हिरावू शकत नाही, हे त्यांनी समजावले. दिवे आले तेव्हा डोळ्यांत पाणी आलेले कैदी आभार मानण्यासाठी त्यांच्याकडे येत होते. असे बोलण्याचे बळ आपल्याला क्वचितच एकवटता आले, अशी प्रांजळ कबुलीही त्यांनी दिली.

२७ एप्रिल १९४५ रोजी सुटका झाली. व्हिएन्नात परतल्यावर आई, भाऊ आणि पत्नी यांपैकी कोणीही उरले नसल्याचे त्यांना कळले. त्याच वर्षी नऊ दिवसांत सांगून लिहवून घेतलेले पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर वाचले गेले. त्याचा शेवटचा भाग सुटकेनंतरच्या मनाविषयी आहे. मुक्त झालेले कैदी आनंदित होणेच विसरले होते. खोल पाण्यातील प्रचंड दाबातून एकाएकी वर आलेल्या पाणबुड्याच्या शरीराला जसा धोका असतो, तसाच त्यांच्या मनाला होता, असे निदान फ्रँकल यांनी केले.

१९४७ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. व्हिएन्नातील पॉलिक्लिनिकच्या मज्जाविकार विभागाचे ते सुमारे २५ वर्षे प्रमुख होते. २ सप्टेंबर १९९७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराला रुग्णालयीन रूप दिले ते न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट यांनी. त्यांचे आईवडील नाझी नरसंहारातून वाचलेले. बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्यांनी आठ साप्ताहिक बैठकांचा क्रम आखला. आजारापूर्वी मी कोण होतो, आता कोण आहे, काय घडवले, कोणावर प्रेम केले, जे टाळता येत नाही त्याला कसा सामोरा जातो, अशा प्रश्नांवर रुग्ण तेथे एकमेकांशी बोलतात. नेदरलँड्समध्ये ही पद्धत उपचार पूर्ण झालेल्यांसाठी बेतण्यात आली. तेथील १७० जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जगण्यातील अर्थाची जाणीव या गटांमुळे वाढल्याचे त्यांत आढळले.

या बैठका औषधोपचारांची जागा घेत नाहीत. दुःखाचे उदात्तीकरणही त्यांना अभिप्रेत नाही. टाळता येण्याजोगे दुःख सोसण्यात शहाणपण नाही, हे फ्रँकल यांनी वारंवार बजावले होते. रुग्णाला धीर धरण्याचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. बरे झाल्यावरही मन का लागत नाही, हे ऐकून घेणारे मात्र थोडे असतात. फ्रँकल यांनी हा प्रश्न स्वतःच्या रिकाम्या घरात अनुभवला होता.