विश्लेषण : ‘पॅरिश-हॅडली’ जोडी ३० वर्षे का टिकली?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील धनाढ्य घरांच्या अंतर्गत सजावटीत न्यूयॉर्कच्या ‘पॅरिश-हॅडली’ या फर्मचे नाव आघाडीवर होते. दोन्ही भागीदारांचे स्वभाव आणि कामाच्या पद्धती वेगळ्या होत्या. तरीही जोडी फुटली नाही.

सिस्टर पॅरिश कोण होत्या?
मूळ नाव डोरोथी किनिकट. जन्म १९१०, न्यू जर्सी. ‘सिस्टर’ हे घरातले टोपणनाव. त्या जोगीण नव्हत्या. श्रीमंत घरात वाढल्या, १९३० मध्ये हेन्री पॅरिश यांच्याशी लग्न झाले. मात्र महामंदीची झळ संसाराला बसली. कोणतेही प्रशिक्षण नसताना त्यांनी १९३३ मध्ये फार हिल्स येथे छोटे कार्यालय थाटले. त्यांच्या वर्तुळातील स्त्रिया तेव्हा सहसा नोकरी-व्यवसाय करत नसत. पुढे जॅकलिन केनेडी यांनी व्हाइट हाउसमधील कुटुंबाच्या खोल्या सजवण्याचे काम त्यांना दिले.

हॅडली कसे आले?
टेनेसीत १९२० मध्ये जन्मलेले अल्बर्ट हॅडली ‘पार्सन्स’मध्ये शिकले आणि तिथे शिकवलेही. १९६२ मध्ये ते पॅरिश यांच्याकडे आले. दोन वर्षांत त्यांचे नाव फर्मच्या पाटीवर लागले.

कामाची वाटणी कशी होती?
पॅरिश नजरेवर विसंबत. ग्राहकाच्या घरात चहाची ट्रॉली फिरवून नको त्या वस्तू त्यात भरत. फुलाफुलांचे सुती कापड, वेताच्या टोपल्या, रंगवलेले फर्निचर आणि गोधड्या ही त्यांची ओळख. अलाबामातील कृष्णवर्णीय महिलांच्या ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ या सहकारी संस्थेच्या गोधड्याही त्यांनी उच्चभ्रू घरांत नेल्या. हॅडली आधी खोलीचा आराखडा, प्रमाण आणि प्रकाश पाहत. आधुनिकतेचे त्यांना वावडे नव्हते. ब्रुक अॅस्टर यांच्या ग्रंथालयाच्या लाल लॅकरच्या भिंती आणि पितळी कडांचे कपाट हे त्यांचे गाजलेले काम. एकट्या पॅरिश असत्या तर खोलीत पसारा झाला असता, एकटे हॅडली असते तर ती कोरडी वाटली असती. एकाची उणीव दुसरा भरून काढत होता.

पुढे काय झाले?
पॅरिश यांचे १९९४ मध्ये मेन राज्यात निधन झाले. हॅडली यांनी १९९९ मध्ये फर्म बंद केली; नंतर स्वतःच्या नावाने काम केले. २०१२ मध्ये त्यांचेही निधन झाले. फर्म उरली नाही; पण तिथे घडलेल्या बनी विल्यम्स, डेव्हिड ईस्टन यांच्यासारख्या डिझायनरांनी तो वारसा पुढे नेला.