लेस्ली अर्विन : स्वतःची दोरी स्वतः ओढणारा

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे. शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी आकाशात सोडलेल्या फुग्यांतील निरीक्षकांजवळ ती असे. विमान चालवणाऱ्याजवळ मात्र नसे. विमान पेटले की आगीत होरपळायचे की उडी टाकून जीव द्यायचा, एवढीच निवड उरे. कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय हा तरुण वैमानिक सुमारे दोन आठवड्यांत दहा हवाई विजय मिळवून २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात पेटलेल्या विमानासह कोसळला. तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. असे मृत्यू त्या काळी नित्याचे झाले होते. ते टाळता येतील हे ज्याने स्वतःचे शरीर पणाला लावून सिद्ध केले, तो अमेरिकन म्हणजे लेस्ली अर्विन.

हवाई छत्री त्या वेळी नवी नव्हती. आंद्रे-जाक गार्नरँ याने १७९७ मध्येच पॅरिस येथे फुग्यातून छत्रीच्या साहाय्याने उतरून दाखवले होते. अडचण निराळीच होती. विमानासाठी बनवलेल्या बहुतेक छत्र्या एका दोरीने विमानाला जोडलेल्या असत. माणूस खाली पडू लागला की ती दोरी ताणली जाऊन छत्री बाहेर ओढली जाई. विमान सरळ उडत असताना ही योजना चांगली चाले. परंतु ज्या विमानातून जीव वाचवण्यासाठी उडी घ्यायची, ते सरळ उडत नसते. ते गिरक्या घेत, मोडत, जळत खाली येत असते. अशा वेळी ती दोरी शेपटीत किंवा पंखात अडके आणि तारणारी वस्तूच माणसाला विमानाशी जखडून टाकी. युद्धाच्या अखेरीस जर्मन वैमानिकांना मिळालेल्या छत्र्या याच पद्धतीच्या होत्या. त्यांनी एर्न्स्ट उडेटसारख्या वैमानिकाचे प्राण वाचवले खरे, पण कित्येकांना दगाही दिला.

मग दोरी सोडून का देऊ नये? याला आड येत होती एक समजूत. उंचावरून मोकळा पडणारा मनुष्य भान हरपतो, त्याचे हात कामातून जातात आणि छत्री उघडण्याचे कर्म त्याच्याकडून होणे शक्य नाही, असे अनेक जाणकारांचेही मत होते. जॉर्जिया ब्रॉडविक या तरुणीने १९१४ मध्ये सॅन दिएगो येथे लष्करासमोर उड्या मारताना, विमानात गुंतू पाहणारी दोरी कापून घेऊन छत्री स्वतःच्या हाताने उघडली होती. तो पुरावा डोळ्यांसमोर घडूनही समजूत हटली नाही.

लेस्ली अर्विनचा जन्म १० सप्टेंबर १८९५ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. चित्रपटांचा धंदा त्या शहरात नुकताच रुजू लागला होता. पोरसवदा वयातच अर्विनने धाडसी कसरतींचा मार्ग धरला. उंचावरून उड्या आणि फुग्यातून छत्रीने उतरणे हे त्याच्या उपजीविकेचे साधन बनले. १९१४ मध्ये एका चित्रपटासाठी त्याने विमानातूनही उडी घेतली. पडण्याचा हा अनुभव त्याला पुस्तकातून नव्हे, अंगावर घेतलेल्या धक्क्यांतून मिळाला होता. म्हणूनच भान हरपण्याच्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसेना.

महायुद्ध संपत असताना अमेरिकी लष्कराने ओहायो राज्यातील डेटन येथील मॅककुक फील्डवर भरवशाची छत्री घडवण्याचे काम हाती घेतले. मेजर हॉफमन यांच्या पथकात फ्लॉइड स्मिथ हा कल्पक माणूस होता. एकेकाळी सर्कशीतील झुल्यावर कसरती केलेल्या स्मिथने जुन्या जुळणीतील विमानाची दोरीच काढून टाकली. रेशमी छत्री पाठीवरच्या पिशवीत घडी घालून ठेवली. पिशवीचे पदर धातूच्या पिनांनी बंद केले आणि त्या पिनांना जोडलेली तार उडी घेणाऱ्याच्या हाताशी आणली. तार ओढली की पिना निघत, पदर उघडत. स्प्रिंगच्या जोराने एक छोटी छत्री बाहेर उसळे आणि ती मोठ्या छत्रीला मागोमाग खेचून घेई.

२८ एप्रिल १९१९ रोजी या रचनेची माणसासह पहिली परीक्षा झाली. विमान स्वतः स्मिथ चालवत होता. सुमारे १,५०० फुटांवरून अर्विनने स्वतःला मोकळ्या हवेत झोकून दिले, विमानापासून दूर पडू दिले आणि मग तार ओढली. छत्री बिनचूक उघडली. जमिनीवर आदळताना त्याच्या पायाचा घोटा मोडला. पण पडता पडता मनुष्य शुद्धीवर असतो आणि हात हलवू शकतो, हे निर्विवाद ठरले. त्याच वर्षी त्याच मैदानावर दोरीने बांधलेल्या छत्रीचे प्रात्यक्षिक दाखवताना दोरी अडकून एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा अंत झाला. दोन पद्धतींतील फरक याहून कठोर रीतीने सिद्ध होणे शक्य नव्हते.

दोनच महिन्यांच्या आत अर्विनने बफेलो येथे आपली कंपनी स्थापन केली. नोंदणीच्या कागदात त्याच्या आडनावाला चुकून एक अक्षर अधिक जोडले गेले आणि कंपनी ‘अर्विंग’ झाली. ती चूक दुरुस्त करण्याची तसदी त्याने घेतली नाही. त्याला घाई होती ती छत्र्या वैमानिकांच्या पाठीवर पोहोचवण्याची.

वैमानिकांनाही पटवावे लागले. २० ऑक्टोबर १९२२ रोजी डेटनवर हॅरल्ड हॅरिस या वैमानिकाचे विमान थरथरून हवेतच मोडू लागले. त्याने उडी घेतली. गोंधळात त्याने तारेच्या कडीऐवजी पायाच्या पट्ट्याची कडी तीनदा ओढली. अखेर योग्य कडी हाती लागली आणि तो द्राक्षांच्या मांडवावर जिवंत उतरला. या घटनेनंतर छत्रीने प्राण वाचलेल्यांचा ‘कॅटरपिलर क्लब’ सुरू झाला. रेशीम देणाऱ्या सुरवंटावरून हे नाव पडले. अर्विनने अशा प्रत्येकाला सुरवंटाच्या आकाराची सोन्याची पिन देण्याची प्रथा पाडली. जाहिरातीचा भाग त्यात होताच. पण दुसऱ्या महायुद्धानंतर या पिनांच्या मानकऱ्यांची संख्या हजारोंनी मोजावी लागली, हेही खरे.

१९२६ मध्ये इंग्लंडमधील लेचवर्थ येथे त्याचा कारखाना उभा राहिला. उघड्या विमानातील थंडीवर उपाय म्हणून त्याने मेंढीच्या लोकरी कातड्याचे जाकीट तयार केले. ब्रिटिश वैमानिकांची ती जणू ओळखच बनली. गंमत अशी, की युद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी मात्र विमानाला दोरी जोडण्याची जुनी पद्धतच सुधारून वापरली गेली. तीत छत्री अर्विनच्या कारखान्याची आणि बांधणी दुसऱ्या एका ब्रिटिश कंपनीची होती. कमी उंचीवरून, स्थिर विमानातून, ओझ्यासह उतरणाऱ्या सैनिकाला ती पद्धत अधिक सुरक्षित आहे. बेळगाव हे ज्या रेजिमेंटचे घर, त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून घडलेली दुसरी पॅरा बटालियन ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे उतरली, तीही अशाच प्रकारच्या दोरीवर. साधन कोणत्या पडण्यासाठी आहे हे पाहूनच त्याचे गुणदोष ठरतात.

आजच्या मुक्त पतनाच्या खेळात हाच धडा उलट्या बाजूने गिरवला जातो. उभ्याने किंवा डोके खाली करून पडणाऱ्या खेळाडूचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगात छत्री अवेळी उघडली तर बसणारा झटका जीवघेणा ठरू शकतो. पोटावर पडण्यासाठी शिवलेल्या जुन्या जुळण्या म्हणूनच जाणत्या कारागिराकडून बदलून घ्याव्या लागतात. पिनांवरची झाकणे घट्ट करतात, छोटी छत्री मांडीच्या पट्ट्यावरून काढून पिशवीच्या तळाशी घट्ट कप्प्यात नेतात आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे घसरू नयेत म्हणून ते लवचिक दोरीने जोडतात. अर्विनच्या पिढीला पिन निघेल की नाही याची धास्ती होती. या पिढीला ती वेळेआधी निघेल याची आहे.

या छत्रीच्या श्रेयाचा मोठा वाटा फ्लॉइड स्मिथचा. तरीही जगाच्या तोंडी नाव राहिले अर्विनचे, कारण रचनेवर विश्वास ठेवून पहिली उडी त्याने घेतली आणि पुढचे सारे आयुष्य ती रचना इतरांच्या पाठीवर बांधण्यात घालवले. १९६६ मध्ये त्याचे निधन झाले. आजही प्रत्येक खेळाडूच्या पाठीवरच्या राखीव छत्रीत धातूची पिन, हाताने ओढायची कडी आणि स्प्रिंगवर उसळणारी छोटी छत्री असते. मुख्य छत्री फसली, तर त्याचा हात त्याच कडीकडे जातो.