रोझलिंड फ्रँकलिनबाई

फ्रँकलिनबाईंचा जन्म १९२० साली लंडनला झाला. काही कोळसे तापवल्यावर ग्रॅफाइट होतात, काही कितीही तापवले तरी होत नाहीत, हे त्यांनी आधी क्ष-किरणांनी उलगडले. १९५१ पासून किंग्ज कॉलेजात त्यांच्या हाती डीएनएचे बारीक धागे आले. हवा जरा कोरडी असली की त्यातले रेणू स्फटिकासारखे शिस्तीत बसत; दमट हवेत तोच धागा लांबे, आणि छायाचित्रात मळसूत्री घडणीची खूण म्हणून फुली उमटे. (पावसाळ्यातला पापड आपल्याला ठाऊक आहेच!) पूर्वी ही दोन रूपे एकाच चित्रात मिसळत, ती बाईंनी वेगळी केली. त्यांच्या हाताखाली गोसलिंग ह्यांनी १९५२ मध्ये घेतलेले असे एक छायाचित्र पुढल्या वर्षी वॉटसन ह्यांना बाईंच्या नकळत दाखवले गेले. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक, विल्किन्स ह्यांना मिळाले. बाई त्याआधीच, १९५८ मध्ये, ३७ वर्षांच्या असताना कर्करोगाने गेल्या होत्या.