हडसन टेलर : प्रतीक्षा आणि घाई

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतून आशियात आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु जेम्स हडसन टेलर यांच्याइतकी घाई फार थोड्यांना असेल. प्रभू येशू ख्रिस्त पुन्हा येणार, जगाचा न्याय करणार आणि त्याआधी प्रत्येक माणसाच्या कानी शुभवर्तमान पोहोचले पाहिजे, या श्रद्धेवर त्यांनी आपले सारे आयुष्य उभे केले. त्यांचे चरित्र वाचताना या श्रद्धेचे बळ जसे दिसते, तशीच तिची किंमतही दिसते.

टेलर यांचा जन्म 21 मे 1832 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील बार्न्सली या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते आणि मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशकही. चीनविषयी घरात नेहमी बोलणे होई. तरीही पौगंडावस्थेत मुलाचे मन धर्मापासून दुरावले होते. 1849 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, वडिलांच्या संग्रहातील एक छोटी पुस्तिका सहज चाळताना त्याच्या मनात पालट घडला आणि काही महिन्यांतच आपल्याला चीनमध्ये जायचे आहे, हे त्याने ठरवून टाकले.

पुढे वैद्यकीचे प्राथमिक शिक्षण घेण्यासाठी ते हल या बंदराच्या शहरात एका डॉक्टरांकडे राहिले. तेथे त्यांचा ब्रदरेन मंडळीशी संबंध आला आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची शिकवण त्यांच्या मनात खोल रुजली. त्या काळातील पुष्कळ प्रॉटेस्टंट लोकांची समजूत अशी होती, की शिक्षण, सुधारणा आणि धर्मप्रसार यांमुळे जग हळूहळू सुधारत जाईल आणि त्या सुवर्णयुगाच्या शेवटी ख्रिस्त येईल. दुसरा पक्ष याच्या उलट होता. जग आपोआप सुधारणार नाही, ख्रिस्त कोणत्याही क्षणी येईल आणि त्यानंतरच त्याचे राज्य सुरू होईल, असे हा पक्ष मानी. टेलर या दुसऱ्या पक्षाचे झाले. मात्र तारखांची भाकिते करण्यात ते रमले नाहीत. आपला धनी अचानक आला तर आपल्याकडील वस्तूंचा हिशेब देता आला पाहिजे, या विचाराने त्यांनी आपली पुस्तके आणि कपडे तपासले आणि नको असलेले गरजूंना वाटून टाकले. ही झाडाझडती त्यांनी पुढेही वेळोवेळी चालू ठेवली.

1 मार्च 1854 रोजी एकविसाव्या वर्षी ते शांघाय बंदरात उतरले. ज्या संस्थेने त्यांना धाडले होते तिचा कारभार ढिसाळ होता. पैसे वेळेवर येत नसत आणि संस्था कर्ज काढून खर्च भागवी. 1857 मध्ये त्यांनी संस्था सोडली. त्याआधीच, 1855 साली, त्यांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे शेंडी ठेवली आणि चिनी पोशाख चढवला. बंदरातील युरोपीय समाजात त्यांची टवाळी झाली. पण गावांमधून हिंडताना लोक कपड्यांकडे न पाहता बोलण्याकडे लक्ष देऊ लागले. 1858 मध्ये निंगबो येथे मारिया डायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

निंगबोतील एक प्रसंग टेलर यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. नी नावाच्या एका कापूस व्यापाऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांना विचारले, की ही वार्ता इंग्लंडमध्ये किती वर्षांपासून ठाऊक आहे. कित्येक शतकांपासून, असे उत्तर मिळाल्यावर तो खिन्न झाला. त्याचे वडील आयुष्यभर सत्याचा शोध घेत राहिले होते आणि ते न सापडताच वारले होते. मग तुम्ही आधी का आला नाहीत, या त्याच्या प्रश्नाला टेलर यांच्याजवळ उत्तर नव्हते.

प्रकृती ढासळल्याने 1860 मध्ये ते इंग्लंडला परतले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याबरोबर होता. चीनचा नकाशा भिंतीवर टांगून ते हिशेब करू लागले. अकरा प्रांतांत एकही प्रॉटेस्टंट मिशनरी नव्हता. चीनमध्ये दरमहा दहा लाख माणसे शुभवर्तमान न ऐकताच मरतात, हा त्यांच्या लेखनातील आकडा पुढे हजारो इंग्रजी घरांत पोहोचला. अंतिम न्याय खरा मानणाऱ्याला हा आकडा झोप लागू देणारा नव्हता. परंतु तरुण माणसांना दूर देशी नेऊन त्यांच्या जिवाची जबाबदारी घेण्याचेही त्यांना भय वाटे. या ताणात ते कित्येक महिने होते. अखेर 25 जून 1865 रोजी ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर ही जबाबदारी आपली नसून देवाची आहे, असे मानून त्यांनी चोवीस सहकाऱ्यांसाठी प्रार्थना केली. दोनच दिवसांनी ‘चायना इनलँड मिशन’ या नावाने दहा पौंडांचे बँक खाते उघडले गेले.

या मिशनचे नियम वेगळे होते. कर्ज काढायचे नाही, कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, ठरलेला पगार नाही, पोशाख चिनी आणि कारभाराचे केंद्र चीनमध्येच. अविवाहित स्त्रियांनाही अंतर्भागात पाठवले जाई. पुढे पंडिता रमाबाईंच्या मनावर ज्या पुस्तकांचा ठसा उमटला त्यांत या मिशनची कथा होती. तिचा उल्लेख त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात केला आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमागील श्रद्धेचा एक धागा असा चीनपर्यंत जातो.

26 मे 1866 रोजी टेलर दांपत्य, त्यांची चार मुले आणि सोळा सहकारी ‘लॅमरमूर’ जहाजाने निघाले. जबाबदारीचे जे भय ब्रायटनला वाटले होते, ते लवकरच त्यांच्या घरातच खरे ठरले. 1867 मध्ये आठ वर्षांची ग्रेस मेंदूज्वराने गेली. 1868 च्या ऑगस्टमध्ये यांगझोऊ येथे जमावाने त्यांच्या घरावर हल्ला केला. ब्रिटिश वकिलातीने युद्धनौका पाठवल्या आणि लंडनच्या पार्लमेंटात मिशनऱ्यांवरच टीकेची झोड उठली. 1870 मध्ये आधी मुलगा सॅम्युएल, मग तेरा दिवसांचे अर्भक आणि पाठोपाठ 23 जुलै रोजी तेहतीस वर्षांची मारिया यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्यांनी सहकारी जेनी फोल्डिंग यांच्याशी विवाह केला. 1878 मध्ये उत्तर चीनमधील भीषण दुष्काळात मुलांना नणंदेकडे ठेवून शान्शी प्रांतात जाण्याचे धाडस जेनी यांनी दाखवले.

माणसांची मागणी मात्र वाढतच गेली. आधी अठरा, मग सत्तर, 1887 मध्ये शंभर. 1885 मध्ये आलेल्या ‘केंब्रिजच्या सात’ तरुणांत सी. टी. स्टड हे इंग्लंडचे नामवंत क्रिकेटपटू होते. ‘अ‍ॅशेस’ या नावाला जन्म देणाऱ्या 1882 च्या ओव्हल कसोटीत ते खेळले होते. 1889 मध्ये टेलर यांनी नवा हिशेब मांडला : एक हजार प्रचारकांनी रोज प्रत्येकी पन्नास कुटुंबे गाठली तर हजार दिवसांत पाच कोटी कुटुंबांपर्यंत पोहोचता येईल.

या गणितावर त्या काळीही आक्षेप होते. टिमथी रिचर्ड यांच्यासारख्या मिशनऱ्यांचे म्हणणे होते, की चिनी विद्वानांशी संवाद, शिक्षण आणि ग्रंथप्रकाशन यांवाचून हे काम मूळ धरणार नाही. एकदा कानावर पडलेले शब्द म्हणजे पोहोचलेला संदेश नव्हे, हा आक्षेप रास्त होता. शिवाय ज्या तहांमुळे मिशनऱ्यांना अंतर्भागात जाता आले, ते अफूच्या युद्धांतून लादले गेले होते. टेलर यांनी अफूच्या व्यापाराचा जाहीर निषेध केला. तरीही सामान्य चिनी माणसाच्या नजरेत अफू आणि बायबल एकाच जहाजातून आले होते.

या साऱ्याचा स्फोट 1900 च्या बॉक्सर बंडात झाला. हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. चायना इनलँड मिशनची 58 माणसे आणि त्यांची 21 मुले प्राणास मुकली. त्या वेळी आजारी टेलर स्वित्झर्लंडमध्ये होते. पाश्चात्त्य सत्तांनी चीनकडून जबर खंडणी वसूल केली. टेलर यांच्या मिशनने मात्र प्राणांची वा मालमत्तेची कोणतीही भरपाई घेतली नाही. अखेरचा न्याय देवाच्या हाती आहे असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने आपला हिशेबही त्याच न्यायालयावर सोपवला. त्यांच्या श्रद्धेची कसोटी पाहणारा क्षण हाच होता.

1904 मध्ये जेनी यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी टेलर शेवटचे चीनला आले आणि 3 जून 1905 रोजी हुनान प्रांताची राजधानी चांगशा येथे वारले. मिशनऱ्यांना सर्वांत अधिक काळ विरोध करणारा हा प्रांत होता. झेनजियांग येथे मारिया यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. तेव्हा त्यांच्या मिशनचे आठशेहून अधिक मिशनरी चीनमध्ये होते.

ज्या पुनरागमनाची त्यांनी वाट पाहिली ते त्यांच्या हयातीत घडले नाही. 1950 च्या दशकाच्या आरंभी परदेशी मिशनऱ्यांना चीन सोडावा लागला, तरी चिनी ख्रिस्ती मंडळी नाहीशी झाली नाही. उलट पुढील दशकांत ती कित्येक पटींनी वाढली, आणि तीही चिनी माणसांच्याच हातून. टेलर यांचे आकडे चुकले असतील, त्यांची घाई अनेकांना भोवली असेल. पण परक्या देशातील अनोळखी माणसाच्या अखेरच्या हिशेबाला आपणही उत्तरदायी आहोत, ही त्यांची जाणीव आजही सहज बाजूला सारता येत नाही.