अमरावतीत संसार मोडला, पण गावोगावी अंगणवाडी उभी झाली : ताराबाई मोडक यांची गोष्ट

दिघोरी (ता. लाखांदूर) : धानाची रोवणी सुरू झाली की आपल्याकडे सकाळीच गाव रिकामं होतं. बायामाणसं बांधीत, मोठी पोरं शाळेत. मग तीन-चार वर्षांचं लेकरू कुठे? तर अंगणवाडीत. पण अंगणवाडी हा शब्द कुठून आला, ती पहिल्यांदा कुणी भरवली, हे विचारलं तर फार कमी जणांना सांगता येतं. ते नाव आहे ताराबाई मोडक. आणि या बाईंचा काही वर्षांचा संसार आपल्याच विदर्भात, अमरावतीत झाला होता.

मुंबईत शिक्षण, अमरावतीत सासर

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे. त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात आला नाही. ज्या काळात मुली चौथीपर्यंत गेल्या तरी खूप, त्या काळात, १९१४ साली, ताराबाई बी.ए. झाल्या.

लग्न झालं ते अमरावतीत वकिली करणाऱ्या कृष्णराव मोडकांशी. संसार सुरू झाला, प्रभा नावाची मुलगी झाली. पण नवरा-बायकोचं पटलं नाही. १९२१ साली दोघं वेगळे झाले. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात लहान लेकरू. लोक काय बोलले असतील, हे सांगायची गरज नाही. पण ताराबाई बोलणं ऐकत बसल्या नाहीत. गुजरातेत राजकोटला बाई-शिक्षिका तयार करणारं कॉलेज होतं, तिथे त्या प्राचार्य झाल्या.

चांगली नोकरी सोडली

राजकोटला पगार होता, मान होता. तेवढ्यात त्यांच्या कानावर भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं काम आलं. गिजुभाई आधी वकील होते. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि तिथे १९२० पासून लहान मुलांचं बालमंदिर चालवत होते. मारायचं नाही, ओरडायचं नाही, पाठ करून घ्यायचं नाही. मुलाने हाताने करून, खेळून शिकायचं. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची ही पद्धत गिजुभाईंनी आपल्याकडे रुजवली होती.

१९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून भावनगरला गेल्या. प्राचार्य बाई पुन्हा विद्यार्थी झाली. अडीच-तीन वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसून मूल कसं शिकतं, हे त्या बघत राहिल्या. जवळपास नऊ वर्षं त्या तिथे होत्या. १९२६ साली त्यांनी गिजुभाईंसोबत नूतन बालशिक्षण संघ सुरू केला.

मूल सांभाळणं हाही कोर्स असतो?

घराचा नकाशा काढायचा तर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स करावा लागतो, हे आपण लगेच मान्य करतो. रेघ चुकली तर भिंत चुकते. पण लहान मुलांना सांभाळायचं म्हटलं, की त्यात काय शिकायचं, ते तर कोणतीही बाई करते, असं आपण म्हणून मोकळं होतो. ताराबाईंनी आयुष्यभर हाच समज खोडून काढला. घराचा पाया जसा आधी कागदावर आखावा लागतो, तसाच माणसाचा पाया पहिल्या सहा वर्षांत घातला जातो. म्हणून ते काम करणाऱ्या बाईला आधी नीट शिकवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मुंबईला परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार उभं केलं. मुलांच्या वर्गांबरोबर शिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिरही चालवलं. गोष्ट कशी सांगायची, गाणं कसं म्हणवून घ्यायचं, मूल हट्ट करतं तेव्हा त्यामागे काय असतं, याचं रीतसर शिक्षण बायांना मिळू लागलं.

५३ व्या वर्षी खेड्यात

पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. हे सगळं शहरातल्या, पैसेवाल्यांच्या मुलांपुरतं राहिलं होतं. माँटेसरीचं लाकडी साहित्य महाग. खेड्यातला गरीब बाप ते कुठून आणणार? इकडे महात्मा गांधींनी आपल्या वर्ध्याहून नई तालीम मांडली होती. हाताने काम करत, गावातल्याच गोष्टींतून शिकायचं, असा तो विचार. ताराबाईंनी दोन्ही विचार एकत्र केले.

१९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. समुद्रकाठचं हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. सोबतीला होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या, पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई.

महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, बांबूचे तुकडे आले. मोजायचं तर बिया मोजा, रंग ओळखायचे तर फुलं बघा. खर्च जवळपास नाही.

मूल येत नाही? मग शाळाच मुलाकडे

बोर्डीत बालवाडी भरली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. शिवाशिव होती, गरिबी होती. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच वस्तीत नेली. एखाद्या घरासमोरचं अंगण झाडायचं आणि तिथेच मुलं गोळा करायची. आधी हात-पाय, नाक-डोळे धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आज देशभर चालणारा शब्द तिथला आहे.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे वारली आदिवासींचे पाडे. तिथली अडचण वेगळी होती. पोरगा ढोरं चारायला जाणार, पोरगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणार. शाळेत येणार कोण? यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. जिथे ढोरं चरतात तिथे शिक्षक पाठवून कुरणशाळा भरवली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि प्राथमिक शाळा, असं एकाच जागी सुरू केलं. त्याला नाव दिलं विकासवाडी. पाळणाघर जवळ असल्याने थोरली बहीणही वर्गात बसू लागली. शिवाय खेड्यात काम करणाऱ्या बालसेविकांचं प्रशिक्षणही तिथे चालू राहिलं.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढचं काम अनुताईंनी १९९२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवलं. ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांचं नाव ठेवलं अंगणवाडी. नाव पाहायला त्या राहिल्या नव्हत्या.

आपण काय घ्यायचं?

अंगणवाडी म्हणजे नुसतं खिचडीचं ठिकाण, असं अजूनही बरेच जण समजतात. वजन घेणं आणि आहार महत्त्वाचाच. पण ताराबाईंच्या अंगणात गाणं, गोष्ट, खेळ आणि स्वच्छता यांनाही तेवढंच स्थान होतं. आपल्या गावच्या अंगणवाडीत दिवसातून किती वेळ मुलं खेळत, बोलत शिकतात, हे पालकांनी एकदा जाऊन बघावं. सेविकेला गावातल्या बिया, बांबू, मातीची खेळणी जमवून द्यावीत. त्याला निधी लागत नाही.

आणि बारावी झालेल्या मुलींसाठी : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडीतल्या बारावी पास शिक्षिकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा बालशिक्षण अभ्यासक्रम सांगितला आहे. म्हणजे हे शिकून करायचं काम आहे, हे आता सरकारी कागदावरही आलं. ताराबाईंनी ते बोर्डीच्या अंगणात आधीच करून दाखवलं होतं. घरात कुणी मुलगी या कामाकडे वळायचं म्हणत असेल, तर त्यात काय शिकायचं, असं तिला म्हणू नका. जरूर शिकू द्या.