विश्लेषण : नवशिक्या गिटारवादकाला मोठा अॅम्प हवाच का? लिओ फेंडर यांचा प्रवास काय सांगतो?

हिंगणा रोड आणि वानाडोंगरी परिसरातील वसतिगृहांत इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्याला काही महिन्यांतच प्रश्न पडतो : १० वॅटचा छोटा अॅम्प विकून मोठा घ्यावा का? घरून येणाऱ्या पैशांतून खर्च करायचा, तर निर्णय चुकून चालत नाही. ज्यांच्या नावाचे अॅम्प जगभर वाजतात, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मात्र कुणाला कोणता अॅम्प लागतो, हे ओळखण्यातच त्यांचे आयुष्य गेले.

कोण होते लिओ फेंडर?

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. नागपूरकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्यांच्या आई-वडिलांची संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी ट्यूमरमुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला. रेडिओचे वेड लहानपणापासूनचे, शिक्षण मात्र हिशेबनिशीचे. मंदीच्या काळात नोकरी गेली आणि १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टन शहरात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

अॅम्पकडे कसे वळले?

दुकानात वादक बिघडलेले अॅम्प घेऊन येत. कोणता भाग जळतो, कोणता सांधा सुटतो, हे फेंडर यांना दुरुस्ती करताना दिसत होते. १९४५ मध्ये डॉक कॉफमन यांच्यासोबत त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार आणि तिचा अॅम्प अशी जोडी विकायला सुरुवात केली. १९४६ पासून कंपनीला फेंडर यांचे नाव मिळाले.

विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काय बनवले?

मोठ्या अॅम्पसोबतच फेंडर यांनी शिकणाऱ्यांसाठी वेगळा छोटा अॅम्प काढला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ‘चॅम्पियन’ मालिका पुढे ‘चॅम्प’ म्हणून गाजली. एक छोटा स्पीकर, चार-पाच वॅट ताकद आणि अगदी मोजकी बटणे. खोलीत सराव करायला तेवढे पुरेसे होते. १९७० मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी ‘लैला’ अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी हाच विद्यार्थ्यांचा अॅम्प वापरला.

मग मोठे अॅम्प कशासाठी?

नृत्याचे हॉल मोठे होते आणि ड्रमपुढे गिटार ऐकू येत नव्हती, म्हणून १९५२ मध्ये दोन स्पीकरचा ‘ट्विन’ आला. दशकाच्या अखेरीस त्याची ताकद ८० वॅटपर्यंत गेली. तेवढ्यात डिक डेल हा तरुण वादक हजारोंच्या गर्दीपुढे वाजवताना एकामागून एक अॅम्प आणि स्पीकर जाळू लागला. फेंडर स्वतः कार्यक्रमाला गेले, गर्दीत उभे राहून ऐकले, तेव्हा त्यांना अडचण कळली. माणसांच्या दाटीत आवाज शोषला जात होता. त्यातून ‘शोमन’ हा नवा अॅम्प आणि १५ इंची स्पीकर तयार झाला. डेल यांना अॅम्प बदलावाच लागला, पण त्यांच्यापुढे हॉल होता, हॉस्टेलची खोली नव्हती.

वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट?

नाही. वॅट दुप्पट केल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. स्पीकर तसाच असेल, तर १० वरून २० वॅटवर जाऊन फार फरक जाणवत नाही. स्पीकरचा दर्जा आणि पेटीचा आकार यांचा वाटा अनेकदा मोठा असतो.

पुढे फेंडर यांचे काय झाले?

दीर्घ आजारामुळे आपण फार जगणार नाही असे वाटून त्यांनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरना विकली. नंतर ते बरे झाले आणि पुन्हा गिटार, अॅम्प बनवू लागले. पार्किन्सनचा त्रास असतानाही त्यांचे काम थांबले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

मग अॅम्प कधी बदलावा?

फेंडर यांच्यासारखे आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधावे.

• आवाज बोदा येत असेल, तर आधी तारा बदला. खरखर असेल, तर दुसरी केबल लावून पाहा.
• गेन कमी करा. अॅम्प जमिनीवर असेल, तर तो खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा. जमिनीवरच्या अॅम्पचा आवाज कानाऐवजी पायांकडे जातो.
• खोलीत एकट्याने सराव असेल, तर मोठ्या अॅम्पची गरज नाही. रात्री वाजवायचे असल्यास हेडफोनची सोय महत्त्वाची.
• गॅदरिंगला साउंड सिस्टीम असेल, तर छोट्या अॅम्पपुढे माइक लावूनही काम भागते.
• ड्रमरसोबत नियमित सराव सुरू झाला आणि आवाज वाढवताच स्वच्छ सूर फाटू लागले, तर मात्र अॅम्प बदलण्याची वेळ आली.

घेण्यापूर्वी मित्राच्या मोठ्या अॅम्पला आपली गिटार जोडून, खोलीत वाजवतो तेवढ्याच आवाजात ऐकावी. फरक जाणवला नाही, तर ते पैसे शिकवणीला वापरता येतील.