शोकातून संकल्पाकडे : श्रीतुकोबारायांचे चरित्र

फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे तुकाराम बीज. शके १५७१ मध्ये, म्हणजेच इ. स. १६५० साली, याच तिथीस देहूच्या श्रीतुकाराममहाराजांनी इहलोकीची यात्रा संपविली. या दिवशी कीर्तनातून वैकुंठगमनाचा प्रसंग रंगतो, ते यथोचितच आहे. परंतु ज्या घरातील माणूस नुकताच गेला आहे, त्या घराने आज महाराजांच्या तारुण्यातील दुःखकाळाकडेही दृष्टी वळवावी.

घराणे वाण्याचे. घरात महाजनकी होती, सावकारी होती आणि विठ्ठलाची परंपरागत पूजाही होती. पिता बोल्होबा व माता कनकाई यांचे छत्र लवकर हरपले. वडील बंधू सावजी पत्नीवियोगाने विरक्त होऊन घर सोडून गेले. त्यातच इ. स. १६३० ते १६३२ चा घोर दुष्काळ आला. व्यापार बुडाला, मान गेला; थोरली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली आणि पुत्र संतूही दगावला.

महाराजांनी हे दुःख झाकून ठेवले नाही. संतजनांनी विचारल्यावरून त्यांनी आपली कथा अभंगरूपाने सांगितली. तीत पत्नीच्या मृत्यूची वेदना आहे, तशीच स्वतःला वाटलेली लाजही आहे. आणि विशेष हे की, त्या शोकाच्या लगतच संकल्प येतो. देवाचे देऊळ भंगले होते, ते सावरावे असे त्यांच्या चित्तात आले. नंतर एकादशीस कीर्तन करू लागले; अभ्यास नव्हता, म्हणून पूर्वसंतांची वचने आदराने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले आणि देह कष्टवून परोपकार केला. ऋणकोंची आपल्या वाट्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. यातील एकही संकल्प आवाक्याबाहेरचा नव्हता.

स्वप्नात गुरूपदेश झाला आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली. तीवरही आघात आला. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज देवाच्या दारी धरणे धरून बसले. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पुढे इ. स. १८७३ मध्ये मुंबई सरकारच्या साह्याने गाथा छापून निघाली. एका शोकाकुल गृहस्थाची वाणी घरोघरच्या देव्हाऱ्यापाशी पोहोचली.

नापिकी, कर्ज आणि अकाली मृत्यू यांची ओळख आपल्या विदर्भाला नव्याने करून द्यावयास नको. तेराव्याचा विधी आटोपतो, आप्तजन परततात. दुःख मात्र घरातच राहते. अशा वेळी सायंकाळी देवापुढे दिवा लावून एक साधी वही उघडावी. गेलेल्या माणसाचे नाव लिहावे. जे घडले ते लिहावे. ज्याची लाज वाटते, ज्याचा देवावर राग आहे, तेही लिहावे. महाराजांनी देवाशी भांडण केले, म्हणून त्यांची भक्ती उणी झाली नाही. मग त्याच पानाच्या शेवटी एकच लहान संकल्प लिहावा : कोणाच्या मुलाला शिकवीन, कोणाचे देणे सोडीन, मोडलेला नेम पुन्हा धरीन. आजपासून नऊ दिवसांनी पापमोचनी एकादशी आहे. त्या दिवशी ते पान पुन्हा वाचावे. डोळे भरून आले तरी हरकत नाही; संकल्पाच्या दिशेने एक पाऊल पडले असले म्हणजे पुरे.